मतभेदाची नोंद

आमच्या नानपुऱ्यातील घराच्या माडीवर रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. सून घरूनच नोकरी करते. तिचे सहकारी कुणी बंगळुरूत, कुणी पोलंडात, तर कुणी फिलिपीन्समध्ये. बहुतेकांना तिने प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. हे निभते कसे, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एकमेकांना सांभाळून घेतलं की निभतं." उत्तर गोड होते, पण आमचे समाधान झाले नाही. सांभाळून घेण्यात पुष्कळदा खरे गिळून टाकण्याचीही सोय असते.

दूरदूरच्या माणसांनी एकच काम करण्याचा एक थोर प्रयोग टपालाच्या युगातच होऊन गेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ मध्ये ते तडीस नेले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार दे यांच्याकडे, तर सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होते. पोथ्या ताडून पाहण्याचे काम पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही चाले. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिपींतील त्या पोथ्या. आणि आपल्या प्रांताची पोथी कोणाला प्रिय नसते?

तरीही काम झाले, ते आमच्या मते एकमताचा हट्ट धरला नाही म्हणून. ताडणीच्या कागदावर प्रत्येक पोथीला स्वतंत्र ओळ असे व तिच्यातील भेद अक्षरागणिक टिपला जाई. संपादकाने एक पाठ स्वीकारला, तरी इतर पोथ्यांचे पाठभेद पानाच्या तळाशी, त्या त्या पोथीच्या खुणेसह छापले. इतकेच नव्हे, तर जेथे खात्री कमी, तेथे स्वीकारलेल्या शब्दांखालीही नागमोडी रेघ ओढली. एखाद्या मलयाळम पोथीचे म्हणणे अमान्य झाले, पण पुसले गेले नाही. पुढच्या अभ्यासकाला निर्णय फिरवण्याची वाट मोकळी राहिली. आपल्या निर्णयाखाली स्वतःच रेघ ओढणारा संपादक लाहोर-ढाक्याच्या विद्वानांना विश्वासार्ह वाटला असेल, तर नवल नाही.

अर्थात, दर वेळी ४७ वर्षे कोणाला असतात? ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली, तेव्हा आम्ही सेवेत होतो. नुकसानीच्या पाहणीत परजिल्ह्यांतून आलेली माणसेही होती. एका वस्तीबाबत दोघांचे आकडे जुळेनात. स्थानिक कर्मचारी म्हणे, घरे वाहून गेली म्हणूनच दिसत नाहीत; बाहेरून आलेला म्हणे, पाहिले तेवढेच लिहीन. दोघेही प्रामाणिक होते. वेळ थोडा होता. आम्ही दिसलेल्या घरांचा आकडा घेतला, गोषवारा स्वच्छ केला आणि स्थानिक माणसाचे टिपण फाइलीत लावलेच नाही. दोघांनाही चहा पाजून उत्तम सांभाळून घेतले. कामाच्या उरकेबद्दल कौतुकही झाले.

परवा हे सुनेला सांगितले. तिने विचारले, "आणि त्या वाहून गेलेल्या घरांचं काय झालं?"

आम्हाला सांगता आले नाही. ती किती होती, हे त्या टिपणातच होते.