पुनर्रचित आर्केड : स्मृती, प्रत्यभिज्ञा आणि रिकामे दालन

नामशेष झालेली वास्तू संगणकावर त्रिमितीत पुन्हा उभी करणे हा उद्योग आता पुरातत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही. ज्यांचे बालपण १९८० च्या दशकातील अमेरिकी मॉलमध्ये गेले ती पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. तिच्यातील काही जण आपापल्या गावचे बंद पडलेले आर्केड, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचे दालन, छायाचित्रे आणि आठवणी यांच्या आधारे पडद्यावर रचीत आहेत. गालिच्यावरील नक्षी, छतावरील निऑनचे दिवे, यंत्रांच्या रांगा, सुटी नाणी देणारी खिडकी, सारे मोजूनमापून. हा खटाटोप हौस म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु मूळ आणि प्रतिकृती यांच्या संबंधाचा त्यात गुंतलेला प्रश्न साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. आणि त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्नही आहे. जी जागा अनेकांची होती ती एकाच्याच स्मृतीतून उभी केली जाते, तेव्हा उरलेल्यांचे काय होते?

‘आर्केड’ हा शब्द उच्चारताच समीक्षेच्या अभ्यासकाला वॉल्टर बेन्यामिन आठवणे स्वाभाविक आहे. पॅरिसमधील एकोणिसाव्या शतकातल्या काचछताच्या बाजारगल्ल्यांवरील त्याचे काम १९२७ पासून १९४० मधील त्याच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले आणि अपूर्णच राहिले. शब्दसाम्य योगायोगाचे आहे, त्यावर फार भार टाकू नये. तरीही एक भेद नोंदवण्याजोगा आहे. लयाला जाणाऱ्या त्या गल्ल्या बेन्यामिनने पुन्हा बांधल्या नाहीत. अवतरणे आणि टिपणे त्याने एकमेकांशेजारी ठेवली. त्यांमधील फटी हेतुतः आहेत की अपूर्णतेमुळे, हा वाद बाजूला ठेवला तरी वाचकाला त्या दिसतात. त्रिमितीय प्रतिरूपात मात्र फट दिसत नाही, कारण भिंत अर्धवट आठवली तरी ती पूर्णच काढावी लागते.

या पुनर्रचित दालनात दोन भिन्न प्रतीचे अस्तित्व एकत्र नांदते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), ‘पॅक-मॅन’ (१९८०), ‘डाँकी काँग’ (१९८१) हे खेळ मुळात आज्ञावली होत. १९९७ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या ‘मेम’ या प्रणालीमुळे जुन्या यंत्रांच्या चिपमधील तीच आज्ञावली आजच्या संगणकावर चालते, आणि दालनातील चित्रित यंत्रांवरही चालवता येते. नेल्सन गुडमनने १९६८ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कवितेची अचूक नक्कल ही कविताच असते, चित्राची अचूक नक्कल मात्र चित्र नव्हे. खेळ कवितेच्या बाजूचा आहे, दालन चित्राच्या. (काचनळीच्या पडद्याची थरथर आणि दांडीचा सैलपणा कोणत्या बाजूचा, हा प्रश्न जाणकारांत वादाचा आहे, तो येथे सोडू.)

नैयायिकांची परिभाषा वापरायची तर केवळ संस्कारातून उपजते ती स्मृती. संस्काराला इंद्रियसन्निकर्षाची जोड मिळून ‘तो हा देवदत्त’ असे जे ज्ञान होते ती प्रत्यभिज्ञा. पडद्यावरील खेळाविषयी ‘तो हा’ असे म्हणणे रास्त आहे. दालनाविषयी मात्र ते म्हणता येणार नाही. तेथे लागू पडतो तो श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे होणारे ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. नाट्याचा प्रेक्षक याच चमत्कारिक मध्यभूमीवर रस घेतो. अडचण अशी की या दालनाचा रचनाकार स्वतःच त्याचा पहिला प्रेक्षक असतो, आणि शेजारी ‘तो हा’ म्हणून ओळखता येणारा खेळ चालू असल्यामुळे भिंतींनाही तीच ओळख फुकट मिळून जाते. कोपऱ्यात चार यंत्रे होती की पाच, हे न आठवल्यामुळे पाच ठेवली. वर्षभराने ती पाचच आठवू लागतात. स्मृतीतून घडलेली प्रतिकृती अशा रीतीने स्मृतीचाच आधार होऊन बसते.

यावर उपाय नाही असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा आहे. संपादकाने पाठ स्वीकारला आहे, पण हमी दिलेली नाही, हे वाचकाला पानावरच कळते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी तर्क सुरू होतो तेथे थांबण्याची अट घातली. संगणकीय पुनर्रचनेसाठी २००९ ची लंडन सनद पुरावा आणि अनुमान वेगळे दाखवण्याची अपेक्षा करते. बालपणाच्या आर्केडला महाभारताची शिस्त लावणे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याची हस्तलिखिते उरली आहेत त्या ग्रंथापेक्षा, ज्याची जेमतेम दहा-बारा छायाचित्रे उरली आहेत त्या जागेला नागमोडी रेषेची गरज अधिक आहे.

खरा पेच भिंतींचा नसून माणसांचा आहे. ही दालने बहुधा रिकामी असतात. यंत्रे लखलखत असतात आणि कोणी नसते. मूळ जागेचा अनुभव मात्र इतरांवाचून संभवत नव्हता. पुढची पाळी आपली, हे सांगण्यासाठी पडद्याच्या काचेखालच्या पट्टीवर नाणे ठेवण्याची रीत होती. ती अनोळखी मुलांमधला अलिखित करार होती. यंत्र थोड्याच मिनिटांत हरवण्यासाठी आखलेले असे, खिशातील नाणी मोजकी असत, म्हणून बराच वेळ दुसऱ्याचा खेळ पाहण्यात जाई. हरणे, थांबणे आणि पाहणे यांतून त्या जागेची नीती घडत होती. पुनर्रचित दालनात नाणे लागत नाही, पाळी नसते, कोणी हटकत नाही. ते आर्केड नसून एका मुलाला पडलेले आर्केडचे स्वप्न आहे, ज्यात बाकीची मुले घरी गेलेली आहेत.

मग माणसेही घालावीत काय? जपानमधील कावासाकी येथील एका आर्केडने हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीचे रूप घेतले होते. १९९३-९४ मध्ये पाडलेल्या त्या वस्तीत एकेकाळी सुमारे ३३,००० माणसे राहत. कावासाकीत गंजलेले पत्रे, टपालपेट्या, वाळत घातलेले कपडे हुबेहूब होते, राहणारे कोणी नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेही आर्केड बंद झाले. दारिद्र्याची सजावट म्हणून त्यावर घेतला जाणारा आक्षेप निराधार नाही. तरीही तेथील पोकळी एका अर्थी प्रामाणिक होती. रहिवाशांचे पुतळे मांडले असते तर ते त्यांच्या संमतीवाचून त्यांच्या नावाने बोलले असते. खिडकीमागे बसून दिवसभर नाणी मोडून देणाऱ्या नोकराला तेथे चिरंतन उभे करण्यातही हीच अडचण आहे. त्याच्या दृष्टीने ते दालन बालपण नव्हते, पाळीची नोकरी होती. त्याला ते कसे आठवते हे कोणी विचारलेले नसते. त्याला विचारणे निदान अजून शक्य आहे. तो, पाळीची वाट पाहणारी दुसरी मुले, दिवाळे निघालेला चालक, हे सारे त्याच संहितेचे पाठभेद आहेत, आणि रचनाकाराने ते गोळा केले तर दालन एकसंध राहणार नाही. कोपऱ्यातील यंत्रे कोणाच्या मते चार असतील, कोणाच्या मते पाच, आणि कोणाला तो कोपराच आठवणार नाही.