मार्क कोणाच्या हातात?

टर्म संपायला आठवडा उरला की कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात स्टाफरूमबाहेर रांग लागते. हातात जर्नल, काखेत गुंडाळलेली ड्रॉइंगची शीट. त्यातल्या बऱ्याचशा शीट आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या शीटवरून उतरवलेल्या असतात. पोरं त्याला ‘जीटी मारणं’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सरांनाही ते ठाऊक असतं, कारण त्यांच्या काळी त्यांनीही तेच केलेलं असतं.

“सर, एवढी एकच सही राहिलीय.”

“तारीख कुठली घातलीस?”

“प्रॅक्टिकल झालं त्या दिवशीची.”

“त्या दिवशी मी रजेवर होतो.”

रांगेत हशा पिकतो, पोरगं ओशाळतं, सर सही ठोकतात. टर्म वर्कचे मार्क त्या सहीपाशी अडलेले असतात. प्रयोगात नक्की काय झालं, आलेख असा का वाकला, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही. सरही विचारत नाहीत, कारण विचारलं तर रांग संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

शिक्षक आणि विद्यार्थी रोज भेटतात, पण त्यांच्यात बोलणं कशाबद्दल होतं, हे सहसा कुणी तपासत नाही. चांगला गुरू, गुणी शिष्य, हल्लीच्या पिढीत उरलेला नसलेला आदर, अशा गोष्टींवर भाषणं पुष्कळ होतात. मला मात्र वाटतं की या बोलण्याचं वळण स्वभावापेक्षा एका साध्या व्यवस्थेवर जास्त ठरतं: मार्क कोणाच्या हातात आहेत? आपल्याकडे गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं, आणि प्रत्येक वेळी वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं बोलणंही बदललं.

त्याआधी पंतोजींची शाळा होती. तिथे मार्कच नव्हते. धुळाक्षरं, मोडी, पाढे, पावकी-निमकी येऊ लागली, मुलगा पत्र वाचू लागला, हिशेब मांडू लागला, की शिक्षण पुरं झालं. परीक्षा बाजारात व्हायची. पंतोजींचं पोट पालकांनी दिलेल्या पैशावर, धान्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या शिध्यावर चालायचं, त्यामुळे पालकांपुढे ते नरम आणि पोरांपुढे गरम. म्हणजे मार्क नव्हते म्हणून बोलणं मोकळं होतं, असं काही नाही. मार्कांची जागा छडीने भरून काढली होती. शिवाय सगळ्यात मोठा निवाडा शाळेच्या दारातच होऊन गेलेला असायचा: कोणी आत यायचं आणि कोणी यायचंच नाही. ज्याला आतच घेतलं नाही, त्याच्याशी संवाद कसा होता हा प्रश्नच उद्भवत नाही.

1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. 1862 साली पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग सुरू व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवला गेला तो 1919 मध्ये. मधली सहा दशकं विद्यापीठ म्हणजे परीक्षा, असंच समीकरण होतं.

या रचनेला नावं ठेवणारे पुष्कळ झाले आणि त्यांचं म्हणणं बरंचसं खरंही होतं. घोकंपट्टी तिथूनच बोकाळली, ‘परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे’ हा शेरा तिथूनच आला, गाइडांचा धंदा तिथूनच फोफावला. स्वातंत्र्यानंतर 1948-49 मध्ये नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने तर विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांचीच असेल, अशा अर्थाचं मत नोंदवलं. पण या रचनेचा एक फायदा फारसा कुणी नोंदवला नाही. निवाडा बाहेर गेल्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला आले. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार म्हटलं की मास्तर आणि पोरं मिळून वर्ग सारवून काढायची, कारण अनुदान निकालावर ठरत असे आणि नापास झालं तर दोघंही व्हायचे. कॉलेजात प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघंही एकाच प्रश्नपत्रिकेकडे डोळे लावून बसायचे. परीक्षक बहुधा त्याच दोन-चार कॉलेजांतले असत, हे खरं. तरी समोर बसून शिकवणाऱ्या माणसाला खूश ठेवण्याचं कारण विद्यार्थ्याकडे कमी होतं.

जिथे ते कारण उरलेलं होतं, तिथे काय व्हायचं, याचं उदाहरण रानड्यांच्याच चरित्रांत येतं. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना करून मराठ्यांकडे झुकतं माप टाकलं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना सुनावलं आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. परीक्षा विद्यापीठाची असली तरी शिष्यवृत्तीची दोरी प्रिन्सिपॉलांच्या हातात होती आणि ती नेमकी मतभेदाच्या जागी ओढली गेली.

याउलट त्याच एल्फिन्स्टनमध्ये, विद्यापीठाच्याही आधी, 1848 मध्ये विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली होती. प्राध्यापकांचं प्रोत्साहन होतं, दादाभाई नवरोजींसारखे तरुण त्यात होते. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचे, मराठी आणि गुजराती शाखा चालवायच्या. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच फुकट शिकवलं. तिथल्या निबंधांना मार्क नव्हते, म्हणून ते वाचून झाल्यावर पुढे काहीतरी घडलं.

याच 1848 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. चौतीस वर्षांनी, 1882 मध्ये, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवलं त्यात शिक्षकाविषयी एक मागणी आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगर धरणारे असावेत. तोवर शिक्षणाची चर्चा अभ्यासक्रम, अनुदान आणि निकाल यांभोवती फिरत होती. जोतीरावांनी तिच्यात शिक्षक आणि मूल यांच्यातलं अंतर आणलं. मार्क कितीही निःपक्षपाती असले तरी ज्या मास्तरला मुलाचा स्पर्श चालत नाही, त्याच्याशी ते मूल काय बोलणार? साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेल्या भीमराव आंबेडकरांना याचं उत्तर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि तरी त्याच भीमरावांच्या आयुष्यात एक शिक्षक आले, ज्यांच्याकडे ते शाळेत शिकतच नव्हते. कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिकवायचे, भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा केळुसकरांच्या नजरेस पडला, ओळख झाली, पुस्तकं मिळू लागली. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांची वाट करून देण्यातही केळुसकरांचा हात होता. या दोघांत हजेरीपट नव्हता, मार्क नव्हते, फी नव्हती. एकाचं वाचन दुसऱ्याला दिसलं, एवढ्यावर सगळं उभं राहिलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात शिक्षक-विद्यार्थी नात्याच्या ज्या गोष्टी आपण अजून सांगतो, त्या बहुतेक वर्गाबाहेरच्या आहेत. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचा प्राण वसतिगृहांत होता. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची, कमवायची आणि शिकायची. वसतिगृहात शिक्षकाला मूल आजारी पडलेलं दिसतं, घरची आठवण काढताना दिसतं, पहाटे विहिरीवर दिसतं. वर्गात दिसतो तो फक्त त्याचा हजेरी क्रमांक.

मग वारं फिरलं. वर्षभराचा अभ्यास तीन तासांत मापणं चूक आहे, शिकवणाऱ्यालाच विद्यार्थी खरा कळतो, तेव्हा काही मार्क त्याच्याकडे द्यावेत, हा विचार 1964-66 च्या कोठारी आयोगाच्या वेळेपर्यंत पक्का झाला. विचार चांगलाच होता. त्यातूनच तोंडी परीक्षा, प्रकल्प, टर्म वर्क, सत्र पद्धत, अंतर्गत मूल्यमापन असं सगळं आलं. मात्र 1857 पासून बाहेर बसलेला निवाडा आता स्टाफरूममध्ये येऊन बसला. पूर्वी विद्यापीठापुढे शिक्षकाच्या शेजारी उभा असलेला विद्यार्थी आता शिक्षकासमोर उभा राहिला.

दहावीच्या निकालाकडे पाहिलं तरी हे कळतं. 2018 मध्ये महाराष्ट्राचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे तोंडी मार्क काढून घेतले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, मार्क परत शाळांकडे गेले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. करोनाने परीक्षाच रद्द झाल्या त्या 2021 मध्ये सगळा निवाडा शाळांवर सोपवला, तेव्हा 99.95 टक्के मुलं पास झाली. याचा अर्थ शिक्षक खोटारडे आहेत, असा मी काढत नाही. रोज तोंड पाहायचं असलेल्या मुलाला नापास करणं माणसाला जड जातं, एवढाच अर्थ काढतो. वीसपैकी अठरा देऊन टाकले की प्रश्न मिटतो. पण त्याबरोबर बोलणंही मिटतं, कारण सगळ्यांनाच अठरा मिळतात तेव्हा अठरा का, हे कुणी विचारत नाही.

निवाडा शिकवणाऱ्याच्याच हातात असण्याची वाईट बाजू संशोधनाच्या पातळीवर दिसते. पीएचडीच्या विद्यार्थ्याची सगळी मदार एका गाइडच्या सहीवर असते. चांगला गाइड मिळाला तर आयुष्य घडतं. नाहीतर विद्यार्थी गाइडच्या मुलांना शाळेतून आणतो, परिषदेच्या खुर्च्या मांडतो, निबंधावर गाइडचं नाव पहिलं घालतो आणि पाचव्या वर्षीही ‘बघू’ ऐकतो. तक्रार कुणाकडे करायची, हे नियमावलीत लिहिलेलं असतं. तक्रारीनंतर विभागात रोज कसं जायचं, ते लिहिलेलं नसतं.

गेल्या काही दशकांत पारडं आणखी एकदा हललं. 1994 मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था स्थापन झाली, कॉलेजांना श्रेणी मिळू लागली आणि 2017 पासूनच्या नव्या चौकटीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षणही आलं. कॉलेजंही आपापले फीडबॅक फॉर्म भरून घेऊ लागली. आता विद्यार्थी मोबाइलवर दोन मिनिटांत शिक्षकाला पाचपैकी मार्क देतो. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला त्याने फारसा फरक पडत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याची नेमणूक मात्र दरवर्षी नव्याने व्हायची असते. कडक बोलावं, पेपर काटेकोर तपासावा, की सगळ्यांशी गोड राहावं, याचा हिशेब तो जूनपासूनच मांडतो. विद्यार्थ्याला दुरुत्तर करण्याची भीती पूर्वी होती. आता शिक्षकाला चूक दुरुस्त करण्याचीही वाटते. दोघांच्या हातात एकमेकांचे मार्क आहेत आणि दोघंही जपून बोलतात.

मग करायचं काय? मार्क पुन्हा सगळेच बाहेर न्यायचे तर घोकंपट्टी आणि क्लासवाले वाटच पाहत बसलेत. सगळे आत ठेवायचे तर 99.95 टक्के. निवाडा आणि शिकवणं दोन वेगळ्या माणसांत वाटून टाकण्याचा प्रयोग आपण शंभरेक वर्षं केला आणि त्याची किंमतही मोजली. मला वाटतं, वाटणी माणसांत करण्याऐवजी वेळेत करायला हवी.

याचा एक नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात निकाल दिला की माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. आता निकालानंतर मुलं झेरॉक्स घेऊन आपल्या शिक्षकाकडे येतात. गणिताची उत्तरपत्रिका टेबलावर पसरते. सर बोट फिरवत जातात: इथपर्यंत बरोबर आलास, इथे चिन्ह बदललं, ही पायरी मनात केलीस पण कागदावर मांडली नाहीस, परीक्षक तुझ्या मनात डोकावणार नाही. हा एक मार्क मात्र तुझाच होता, त्यासाठी अर्ज कर. मूल पहिल्यांदाच वाद घालतं, कारण गमवायला काही उरलेलं नसतं. सरांनाही दोन ठिकाणी मान्य करावं लागतं की पद्धत वेगळी असली तरी उत्तर चुकलेलं नाही. वर्षभरात त्या विषयावर त्यांचं इतकं नेमकं बोलणं झालेलं नसतं.

हे झेरॉक्स घेणाऱ्या थोड्यांच्या वाट्याला येतं, कारण फी भरावी लागते आणि मुदत गाठावी लागते. अंतर्गत परीक्षेत तर उत्तरपत्रिका दाखवायला न्यायालयाची गरज नाही, मार्क भरून झाल्यावर त्या गठ्ठ्यात बांधून कपाटात टाकायचं तेवढं थांबवलं तरी पुरे. प्रत्येक सत्राच्या वेळापत्रकात निकालानंतरचा एक आठवडा यासाठी राखून ठेवता येईल. तेव्हा मार्क सिस्टिममध्ये भरलेले असतील, फीडबॅकचे फॉर्म बंद झालेले असतील, आणि वर्गात फक्त उत्तरपत्रिका उघडल्या जातील. शिक्षकाला कुणाला खूश ठेवायचं नसेल, विद्यार्थ्यालाही नसेल. आज सत्र जिथे संपतं, तिथून शिकवणीचा हा भाग सुरू होतो आणि वेळापत्रकात त्याला अजून एकही तास दिलेला नाही.