दहा दिवसांचं दावं

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की जालना जिल्ह्याची हद्द येण्याआधी धाड लागतं. त्या धाडमधल्या एका शेतकरी घराची ही गोष्ट. घरात आजी, तिचा मुलगा, सून, पाच वर्षांची नात छकुली आणि शेरू नावाचं कुत्रं.

शेरू पिल्लू होता तेव्हा छकुली रांगत होती. दोघं एकाच गोणपाटावर लोळून मोठी झाली. ती त्याच्या पाठीवर बसायची, शेपूट ओढायची, त्याच्या तोंडातली भाकर काढून घ्यायची. आल्यागेल्याला घरची माणसं कौतुकानं ते दाखवायची. कुत्रं इतकं सोसतं याचा त्यांना अभिमान होता. ते किती दिवस सोसेल, हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता.

सोयाबीन नुकतंच घरात आलं होतं. संध्याकाळी बाप अंगणात पोती उचलत होता, आई चुलीपाशी होती, आजी देवापुढे वात लावत होती. छकुली ओसरीवर डॉक्टर झाली होती आणि शेरू तिचा पेशंट. तिनं त्याचा डावा कान धरला, उलटा केला आणि आत काडी घातली. शेरूनं मान फिरवली. एवढंच झालं. पण छकुलीच्या गालावर, हनुवटीच्या वर, दोन दात लागले. हात मध्ये घातला म्हणून मनगटावर तिसरा. लेकरू आधी रडलंसुद्धा नाही. फ्रॉकवर पडलेलं रक्त बघून मग रडलं.

बापानं पोतं टाकलं आणि फावड्याचा दांडा उचलला.

"आधी लेकरू!" आजी ओरडली. "कुत्रं कुठी पळून नाही चाललं."

आजीनं छकुलीला उचलून मोरीत नेलं. टाकीची तोटी सोडली आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली. गालावर फेस, मनगटावर फेस, वरून वाहतं पाणी, पुन्हा फेस. लेकरू हातापायानं झाडत होतं. सुनेनं तिला घट्ट धरलं, पण ती स्वतःच थरथरत होती. तेवढ्यात शेजारीण तिखटाची वाटी घेऊन आली. आपल्याकडे कुत्रं चावलं की आधी तिखटच आठवतं.

"तिखट नको, हळद नको, चुना नको," आजी म्हणाली. "मोबाइलात पाह्य, पंधरा मिनिटं झाली का?"

पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे रडतं लेकरू हातात असल्याशिवाय कळत नाही. पण त्या पंधरा मिनिटांना मोल आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, मग मज्जातंतूच्या दोऱ्यानं हळूहळू मेंदूकडे चालू लागतो. त्याच्यावर चरबीचं पातळ कवच असतं, आणि साबण नेमकं तेच फोडतो. तिखटानं फक्त जखम चिडते. गाल मेंदूच्या जवळ, म्हणून तोंडावरचा चावा अधिक घाईचा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि लस लगेच टोचली. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. पट्टी बांधली नाही, टाकेही घातले नाहीत. "रक्त आलंय, तोंडावर आहे, नुसत्या लसीवर भागणार नाही. जखमेत सीरम भरायला पाहिजे," म्हणून त्यांनी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. बापाला वाटलं, एक झालं ना, मग दुसरं कशाला? डॉक्टरांनी समजावलं, की लसीनं शरीर आपली फौज उभी करतं, पण ती उभी राहायला दिवस लागतात. तोवर लढायला तयार शिपाई पाहिजेत. सीरम म्हणजे ते शिपाई.

त्या रात्री लेकरू मांडीवर घेऊन आईबाप बुलढाण्याला गेले.

आज आपण चिठ्ठी घेऊन एका गाडीत बसतो, तेवढ्यासाठी जगाला फार थांबावं लागलं. 1885 साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्यानं अनेक ठिकाणी चावलं. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. पाश्चर वैद्यकीचे डॉक्टर नव्हते, म्हणून सुई दुसऱ्या डॉक्टरांनी टोचली. 6 जुलैला पहिली टोचली आणि मूल वाचलं. आपल्याकडे पुढे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आली. बेंबीभोवतीच्या चौदा सुया म्हणून जुनी माणसं जिची धास्ती सांगतात, ती हीच. भारतानं ती 2004 साली बंद केली. आता सुया दंडात, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. तरीही माणसं दवाखान्याऐवजी आधी दांडा उचलतात, याचं मला फार वाईट वाटतं.

छकुलीला सीरम देऊन बुलढाण्याहून परतायला मध्यरात्र झाली. अंगणात शेजारची चार माणसं बसली होती. शेरूला आजीनं गोठ्यात बैलाच्या दाव्यानं बांधून ठेवलं होतं. दार लावून मधे खाट आडवी टाकली होती. लेकीला निजवून बाप बाहेर आला आणि त्यानं दांडा पुन्हा हातात घेतला.

"ठोकून काढ," एक जण म्हणाला. "रक्ताची चटक लागली त्याले."

"मारायचं पाप काहून घेता?" दुसरा म्हणाला. "पोत्यात घाला, अन् घाटात सोडून या."

आजी गोठ्याच्या दारातल्या खाटेवर बसली होती. उठली नाही.

"माह्या धाकट्या भावाले कुत्रं चावलं, तवा मी दहा-अकरा वर्षांची असीन," ती म्हणाली. "बापानं त्याच घडीला कुत्रं मारलं अन् नाल्यात पुरलं. सारं गाव म्हणे, बरं केलं. जखमेवर चुना-तंबाखू लावला, चार दिवसांत ती भरून आली. दवाखान्यात कोणी नेलंच नाही. कुत्रंच मेलं, आता कायचा दवाखाना? दोन महिन्यांनी भावानं हातातला पाण्याचा तांब्या फेकून दिला. पाणी पाह्यलं का गळा आवळे त्याचा. तिसऱ्या दिवशी गेला."

कुणी बोललं नाही.

"कुत्रं मारलं म्हंजे इलाज झाला, असं वाटलं माह्या बापाले. त्याचा राग निवला, अन् रागासंगं काळजीबी निवली. तू आज लेकराले आधी दवाखान्यात नेलं, ते लाख केलं. आता कुत्र्यालेबी दहा दिवस दे. डॉक्टर काय म्हणाले तुले?"

डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. चावताना ज्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज असतो, ते कुत्रं दहा दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यात रेबीज नव्हता. म्हणून बांधून ठेवा, मारू नका. मारलं तर कळायचं कसं? सोडून दिलं तर बघायचं कुणी? आणि लेकराच्या सुया मात्र दहा दिवसांसाठी थांबवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे घ्यायच्या.

"अन् घाटात सोडता म्हणता," आजी त्या दुसऱ्याकडे वळली, "घाटाखाली लेकरं नाहीत का कोणाची?"

बापानं दांडा भिंतीला टेकवला.

मग दहा दिवस सुरू झाले. पहाटे उठून आजी गोठ्याच्या दारात उभी राही. काठीनं पाण्याचं भांडं पुढे सरकवी आणि बघत राही. पाणी पितो का? आवाज घोगरा झाला का? जबडा लोंबतो का, लाळ गळते का, दाव्यालाच चावतो का? पाहिलेलं सगळं ती सुनेला सांगे, आणि सून कॅलेंडरवर त्या तारखेला रेघ मारी. छकुलीला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. ती विचारी, "शेरूले काय झालं?" आई काहीच बोलत नसे.

चौथ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. लांबून सगळं बघितलं, मग शेरूचं तोंड नाड्यानं बांधून डावा कान उलटा केला. आत गोचिडांचा झुबका होता आणि त्याखाली चिघळलेली जखम. कानाला हात लागताच शेरूचं सगळं अंग ताठ झालं.

"हे दोन दिवसांचं नाही," डॉक्टर म्हणाले. "गुरगुरत नव्हता का आधी?"

बाप खाली बघू लागला. शेरू आठवडाभर गुरगुरत होता. छकुली जवळ गेली, की ओठ वर करायचा. दोनदा बापानंच त्याच्या पेकाटात लाथ घातली होती, लेकरावर गुरगुरतो म्हणून. तिसऱ्यांदा शेरू गुरगुरला नाही.

"गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं 'थांब' म्हणणं," डॉक्टर म्हणाले. "ते मारून बंद केलं, तर त्याच्यापाशी दातच उरतात. रेबीजची लस दिली होती का?"

दिली नव्हती. पेरणीच्या घाईत राहून गेली होती.

औषधाची पुडी देताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या कुत्र्याच्या चाव्याला कारण सापडलं. काही कुत्री कारण नसताना, पुन्हापुन्हा, खोल चावतात. अशा वेळी डॉक्टरच्या सुईनं त्याला शांत झोपवणं हीसुद्धा दया असते. दांडा ही दया नव्हे. मला हे बोलणं पटतं. कुत्र्यावर प्रेम करणाऱ्या माणसालाच ते आधी पटायला हवं.

दहावी रेघ मारली, तेव्हा शेरू भाकर मागत शेपूट हलवत होता. कान सुकला होता. बापाच्या मनातला राग कधीच गेला होता, आणि त्या जागी अपराध दाटला होता.

"सोडतो आता त्याले," तो म्हणाला. "त्याची काही चुकी नव्हती. होतं तसं राहू दे सारं."

"नाही," सून म्हणाली.

त्या घरात सासूसमोर ती इतकं ठाम कधी बोलली नव्हती.

"त्याचा कान दुखत होता, हे मले समजते. उद्या त्याचा पाय दुखन, परवा दात दुखन. दर वेळेस लेकराच्या गालावरून कळावं का आपल्याले?"

नवऱ्यानं भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे हात केला. चार कुत्री देवाच्या पायाशी होती. "घरातलं कुत्रं हाकलायचं म्हंजे..."

"देवापाशी बसलेल्या कुत्र्याच्या कानात कोणी काड्या नाही घालत," ती म्हणाली. "अन् मी हाकला नाही म्हणत. पण चूक आपली होती म्हणून तिची शिक्षा पोरीनं काहून भोगायची? आत्याबाई, तुम्ही सांगा."

आजी बराच वेळ गप्प राहिली. या दहा दिवसांत शेरूवर तिचाच जीव सगळ्यात जास्त जडला होता.

"लेकराजवळ चोवीस तास तू राहतेस," ती म्हणाली. "रात्री दचकून उठतेस ती तू. तू म्हणशील तसं."

मग सुनेनं ठरवलं ते असं. शेरूला रेबीजची लस द्यायची. त्यानं शेतातल्या आखाड्यावर राहायचं आणि त्याचं सगळं बापानं करायचं. महिन्यातून एकदा कान, दात, पाय बघायचे. पुढेमागे कुणी राखणीला मागितलाच, तर हा लेकराला चावलेला आहे हे आधी सांगायचं, मग द्यायचा. आणि छकुली व शेरू यांच्या मधे कायम एक मोठं माणूस. दहा पावलांवर नाही, मधे.

बापानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो शेरूला घेऊन पायीच शेतात गेला. परतला तेव्हा बैलाचं रिकामं दावं त्याच्या खांद्यावर होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी छकुलीची शेवटची सुई झाली. दोन्ही दंडांवर टोचलेलं, गालावर दोन गुलाबी खुणा. दवाखान्यातून येताना तिनं शेताकडे जायचा हट्ट धरला. आई आधी नाही म्हणाली, मग गेली. बांधावर येऊन थांबली आणि तिनं छकुलीचं मनगट धरलं.

आखाड्यापाशी बाप होता. शेरू साखळी ताणून उभा राहिला, कुईं कुईं करू लागला.

"त्याचा कान बरा झाला का?" छकुलीनं ओरडून विचारलं.

"झाला," बाप म्हणाला.

"हात लावू?"

"नाही," आई म्हणाली.

छकुलीनं आईकडे पाहिलं. मग ती बांधावरच बसली, फ्रॉकच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही दंड शेरूला दाखवले.

"मलेबी टोचलं," तिनं त्याला सांगितलं.

शेरू खाली बसला आणि दोन पायांवर तोंड टेकून तिच्याकडे बघत राहिला. आईची मूठ थोडी सैल झाली, पण तिनं मनगट सोडलं नाही.