गोठ्यातील रोग आणि समाजाचे ऋण

साथीच्या रोगाने गोठा रिकामा झाला म्हणजे नुकसान किती झाले, हे प्रथम विचारले जाते. हा प्रश्न हिशेबाचा होय. ते नुकसान कोणी सोसावे, हा दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. आणि पहिल्याचे उत्तर मिळताच दुसरा सुटला, असे समजण्याकडे आपणा शहरवासीयांचा कल असतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

२०१९ साली भारतात प्रथम आढळलेला लंपी चर्मरोग २०२२ साली महाराष्ट्रात पसरला. डास, गोचीड व चावणाऱ्या माश्या ह्यांच्याद्वारे तो जनावरांत फैलावतो. माणसास तो होत नाही. राज्य सरकारने लस मोफत टोचली, जनावरांचे बाजार व वाहतूक ह्यांवर बंदी घातली, आणि मृत दुभत्या जनावरामागे ३०,०००, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये साहाय्य जाहीर केले. हे उपाय योग्यच होते. तथापि चांगल्या संकरित गाईची किंमत ह्याहून पुष्कळ अधिक असते. शिवाय जी गाय दगावली नाही, परंतु जिचे दूध आटले किंवा जी गाभडली, तिची नोंद मृतांच्या यादीत कोठून होणार? तिची वैरण व पेंड चालूच राहते. दुधाचा पगार मात्र थांबतो. ज्याची जनावरे निरोगी, त्यालाही अडीअडचणीस एखादी गाय विकण्याची वाट बंद झालेली असते.

भरपाईविरुद्ध एक विचारार्ह आक्षेप घेता येतो. १८६६ साली बुळकांडीच्या साथीत जनावरे सक्तीने मारण्याचे व त्यांच्या धन्यांस भरपाई देण्याचे बिल ब्रिटिश पार्लमेंटापुढे आले, तेव्हा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी भरपाईच्या प्रमाणावर हरकत घेतली. जनावरे घटली की भाव चढतात व त्या वर्गाची तूट पुष्कळशी भरून येते. मग लोकांनी दोनदा भुर्दंड का सोसावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वर्गापुरता हा युक्तिवाद सयुक्तिक आहे. परंतु साथ वर्गावर सारखी येत नाही. चढलेल्या भावाचा लाभ ज्याचा गोठा शाबूत राहिला त्यास होतो. ज्याची एकुलती एक गाय गेली, त्याच्याजवळ विकण्यास दूधच उरलेले नसते. वर्गाची सरासरी काढून त्याची चूल पेटत नाही.

दुसरे असे की, दैवाने आलेली हानी आणि सर्वांच्या हितासाठी आज्ञेने लादलेली हानी ह्यांत भेद आहे. बाजार बंद ठेवला जातो तो शेजारच्या तालुक्यातील गोठे वाचावेत व आमच्यासारख्यांच्या घरी दूध येत राहावे म्हणून. ज्या त्यागाचे फळ सर्वांनी चाखावयाचे, त्याचे मोल एकट्याकडून वसूल करणे हा अन्याय होय. त्यास मिळणाऱ्या रकमेला अनुदान वा दया म्हणण्यापेक्षा ऋणफेड म्हणणेच यथार्थ ठरेल.

ह्या न्यायात व्यवहारही आहे. रोग कळविल्याने आपलेच नुकसान होईल, असे ज्यास वाटते तो रोग लपवितो, आणि लपविलेला रोग गावाची वेस ओलांडतो. बुळकांडीचे २०११ साली जगातून उच्चाटन झाले, ते लस, पाळत व दूरच्या खेड्यातूनही वेळेवर येणारी वर्दी ह्यांमुळे. अशी वर्दी केवळ हुकमाने मिळत नाही. तिला विश्वास लागतो.

दुधाचे दाम चुकते केले म्हणजे आपण मोकळे झालो, असे आपणांस वाटते. परंतु ते दाम दुधाचे झाले. साथीच्या दिवसांत ज्याने आपला व्यवहार थांबवून इतरांचे गोठे राखले, त्याचे देणे त्या दामात आलेले नसते. आणि ते फेडण्यासाठी कर द्यावा लागला, तर त्याविषयी कुरकूर करण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्हांस वाटत नाही.