“तो आधीच दुखणाईत होता”

गेल्या उन्हाळ्यात एका गावी तंटा मिटविण्यासाठी आम्हांस बोलाविण्यात आले होते. बाजाराच्या दिवशी एका तरुणाने भरधाव मोटारसायकल हाकून रस्त्याच्या कडेने चाललेल्या एका मजुरास पाडिले होते. मजूर पन्नाशीचा. पूर्वी विहिरीच्या कामावर असता त्याच्या कमरेस इजा झाली होती. तरी वाकत वाकत का होईना, तो रोज कामास जात असे. या धक्क्यानंतर तो अंथरुणास खिळला. तरुणाचा चुलता म्हणाला, “औषधपाण्याचे काय ते देतो, पण कंबर तर त्याची आधीच गेलेली होती. धडधाकट माणूस असता तर धूळ झाडून उठला असता.” पंचांस हे पटले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही मान डोलाविली. मजुराची बायको उंबरठ्याशी बसली होती. तिला कोणी काही विचारिले नाही.

त्या मान डोलाविण्याने पुढे कित्येक दिवस आमच्या मनास स्वस्थता नव्हती. दुबळ्यास झालेली इजा ही सबळास झालेल्या इजेहून स्वस्त आहे काय? हा प्रश्न न्यायाधीशांपुढे पूर्वीच आलेला आहे, असे शोधाअंती आढळले. लंडन शहरातील एका मद्यगृहात काम करणारी गरोदर बाई आत उभी असता बाहेरील घोड्यांची गाडी निष्काळजीपणाने थेट आत घुसविण्यात आली. बाईस धक्का बसला व ती अकाली प्रसूत झाली. त्या दाव्यात १९०१ साली न्यायमूर्ती केनेडी यांनी असे मत दिले की, जखमी मनुष्याची कवटी पातळ होती किंवा हृदय दुबळे होते, ही सबब अपराध्यास सांगता येणार नाही. समोरचा मनुष्य जसा सापडला तसाच त्याने पत्करिला पाहिजे.

याहून कठीण प्रसंग पुढे आला. इंग्लंडातीलच एका कारखान्यात १९५० साली वितळलेल्या धातूचा एक थेंब उडून एका कामगाराच्या खालच्या ओठास भाजले. भाजणे ते केवढे! परंतु हा मनुष्य पूर्वी गॅसच्या कारखान्यात डांबराच्या संसर्गात राहिलेला असल्यामुळे त्याच्या ओठात कर्करोगाची पूर्वतयारी झालेली होती. भाजलेल्या जागी तो रोग उद्भवला व तीन वर्षांनी तो मरण पावला. त्याच्या विधवेने दावा लाविला आणि मुख्य न्यायाधीश लॉर्ड पार्कर यांनी कारखानदारांस जबाबदार धरिले. मात्र त्याच निकालात त्यांनी असेही म्हटले की, भाजले नसते तरी या मनुष्यास कदाचित हा रोग झालाच असता; म्हणून भरपाईच्या रकमेत काही घट केली पाहिजे.

ही घट वाचून प्रथम आम्ही चमकलो. विचारान्ती ती न्याय्यच वाटली. अपराध्याने स्वतः केलेले नुकसान भरून द्यावे. जे त्याच्या हातून घडले नाही ते त्याच्या माथी मारणे हाही अन्यायच होय. मजुराची जुनी कळ त्या तरुणाने दिलेली नव्हती. परंतु आमची चूक निराळीच होती. आम्ही त्या मजुराची तुलना एका धडधाकट माणसाशी केली. तुलना करावयास पाहिजे होती ती त्याची स्वतःशी, आदल्या दिवशीच्या त्याच्याशी. आदल्या दिवशी तो कामावर जात होता. आता जात नाही. एवढेच मोजावयाचे होते, आणि ते मोजण्यास वैद्यही लागत नव्हता. शिवाय ज्याच्यापाशी थोडे उरलेले असते त्याचे तेवढे जाणे फार जड असते. लंडनमधील स्टेपनी येथे नगरसंस्थेच्या गॅरेजात एका डोळ्याने अधू असलेला कामगार होता. १९४७ साली लोखंडाचा कण उडून त्याचा चांगला डोळा गेला व तो पुरता आंधळा झाला. त्याचे अधूपण मालकांस ठाऊक असल्यामुळे त्याच्याविषयी अधिकच काळजी घेणे त्यांचे कर्तव्य होते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला.

आता त्या उंबरठ्यावरील बाईविषयी. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बायको जखमी झाल्यास तिच्या संगतीची व सेवेची भरपाई नवऱ्यास मागता येई, कारण ती जणू त्याची चाकरच! बायकोस मात्र असा हक्क नव्हता. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९५० साली तो मान्य केला. परंतु हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५२ साली नाकारिला. पुढे १९८२ च्या कायद्याने तेथे नवऱ्याचाही हक्क काढून घेण्यात आला. दोघांसही रिकाम्या हाताने पाठविण्याची ही समता आम्हांस काही उमगत नाही. आपल्या देशात मोटार अपघाती मृत्यूच्या दाव्यांत साहचर्य गमावल्याबद्दल ४०,००० रुपये व दर तीन वर्षांनी त्यांत शेकडा १० वाढ, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायाधीशांनी २०१७ साली ठरविले. २०१८ साली मुलांच्या व आईबापांच्या अशाच हानीसही मान्यता मिळाली. जखमी जिवंत असेल तर त्याच्या शुश्रूषेस लागणाऱ्या माणसाचा खर्च त्याच्याच दाव्यात धरिला जातो.

कोणी म्हणेल, सोबतीची किंमत रुपयांत करणे म्हणजे विवाहाचा बाजार मांडणेच नव्हे काय? ही शंका आमच्याही मनात आली होती. परंतु पंचांच्या यादीत त्या बाईपुढे काहीच न लिहिल्याने तिचे नुकसान अमोल ठरले नाही. ते शून्य ठरले. “ती आधीपासूनच दुखणेकऱ्याची सेवा करीत होती, तिचे नवे काय गेले?” असेही एकजण म्हणाला. मनुष्य जसा सापडला तसा पत्करावयाचा, तर त्याचे घरही तसेच पत्करिले पाहिजे. कमरेने वाकलेला तो नवरा हाच तिचा नवरा होता. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मार लागून अंथरुणास खिळलेल्याच्या बुडालेल्या वेळेची भरपाई व त्यास बरे करण्याची जबाबदारी मारणाऱ्यावर टाकिली आहे. तो पूर्वी निरोगी होता काय, ही चौकशी तेथे नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो व आपली चूक पंचांपुढे कबूल केली. चुलता रागावला, त्याचा राग अजून गेलेला नाही. मजुरास वकिलाकडे नेऊन मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लाविला. वकिलाने बाईस विचारिले, “पूर्वी घरी त्यांचा काय उपयोग होत असे?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “धनी घागर उतरून घेत. रात्री उठून शेरडं बघून येत. आणि मी बोलले तर ऐकत. आता दुखण्यापुढं त्यांना ऐकू येत नाही.” वकिलाने पहिल्या दोन गोष्टी लिहून घेतल्या. तिसरीही लिहा, असे आम्ही त्यांस विनविले.