उमलत्या फुलाचे दर्शन



देवपूजेच्या सोळा उपचारांत पुष्पाचे महत्त्व किती आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. फुलांविषयी वाडवडिलांनी घालून दिलेले नियमही आपल्या घरोघर पाळले जातात. वास घेतलेले फूल वाहू नये, शिळे वाहू नये, फूल झाडावर जसे उमलते तसेच मुख वर करून वाहावे, बेलाचे पान मात्र पालथे ठेवावे. त्यांतच आणखी एक नियम आहे. कमळ व चाफा यांचा अपवाद सोडल्यास कळी देवास वाहू नये. या एका नियमाचा विचार आज आम्हांस आपणांपुढे मांडावयाचा आहे. आणि त्यासाठी प्रथम दृष्टान्त घ्यावयाचा आहे तो पुराणातला नव्हे, छायाचित्रणाच्या विद्येतला.

देवासाठी फुले आणण्याचे काम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्या घरांतील माणसेही फूल उमलताना सहसा पाहत नाहीत. सायंकाळी कळी दिसते, पहाटे फूल परडीत येते. पारिजातक रात्री फुलतो आणि उजाडण्यापूर्वी आपला सडा आपणच घालून मोकळा होतो. मधले कार्य कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. घड्याळाचा तासकाटा सरकतो हे आपण जाणतो, परंतु तो सरकताना दिसत नाही, तद्वतच हे आहे.

डोळ्यांची ही उणीव कॅमेऱ्याने भरून काढली. लंडन येथे शिक्षण खात्यात कारकुनी करणारे पर्सी स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी १९१० साली ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’, म्हणजे ‘फुलाचा जन्म’, या नावाचा एक लहानसा चित्रपट तयार केला. कॅमेरा फुलाच्या निकट अचल बसवावयाचा, आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहावयाचे, अशी ही रीत. काम रात्रंदिवस चाले. यास्तव स्मिथ यांनी घरातच अशी योजना केली होती की, यंत्रास माणसाची गरज लागताच घंटा वाजून त्यांची झोप मोडावी.

साधने बदलली तरी आजही रीत तीच आहे. तिवई हलता कामा नये, वाऱ्याने देठ डोलता कामा नये, उजेड कमीजास्त होता कामा नये. इतक्या जवळून पाहताना केसाएवढा धक्काही चित्र पुसट करतो. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. एखादे फूल तीन तासांत उमलते असे समजा. दर ३० सेकंदांस एक याप्रमाणे त्याची ३६० चित्रे होतात. आणि एका सेकंदास २४ या गतीने ती दाखविली की सारे उमलणे १५ सेकंदांत डोळ्यांपुढून जाते.

परंतु त्या ३६० चित्रांतील कोणतीही लागोपाठची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. त्यांत भेद दिसत नाही. शंभरावे चित्र पाहणारा म्हणेल, ‘येथे काहीच घडले नाही.’ एकशे एकावे पाहणाराही तेच म्हणेल. तरीही पहिल्या चित्रात कळी असते आणि अखेरच्या चित्रात फूल असते. ज्या क्षणी काही घडत नाही असे वाटते, त्याही क्षणी कार्य चालू असते, हा पहिला बोध.

दुसरा बोध असा. पाकळीच्या आतल्या अंगाच्या पेशी बाहेरच्या अंगाहून अधिक वाढतात, म्हणून पाकळी बाहेर वळते. देठातून आलेले पाणी त्या वाढीस बळ देते. म्हणजे कळी उघडते ती आतून. बाहेरून बोटांनी उलगडू पाहाल तर पाकळ्या चुरगळतील, फूल मिळणार नाही. कळी देवास वाहू नये या नियमात आम्हांस हेच मर्म दिसते. जे आतून पूर्ण झाले तेच अर्पण करावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत धीर धरावा.

तिसरी गोष्ट बोध नव्हे, इशारा आहे. चित्रपट १५ सेकंदांत फूल दाखवितो, तेव्हा त्याने मधली वाट पाहणे काढून टाकलेले असते. पाहणारा सुखावतो, घंटेच्या आवाजाने जागा होणारा मात्र पडद्यावर कोठेच नसतो. आपल्या पुराणश्रवणाचेही असेच होते. बाळ ध्रुवाने सहा महिने उग्र तप केले. कीर्तनात ते घटकाभरात आटोपते. ऐकणाऱ्यास वाटते, ध्रुव वनात गेला आणि देव भेटला. मग तोच श्रोता महिनाभर जप करतो आणि विचारतो, ‘काय मिळाले?’ मुंज झालेला मुलगा दोन पंधरवडे संध्या करतो आणि फळ दिसत नाही म्हणून पळी-पंचपात्र फळीवर ठेवतो. वडीलही म्हणतात, ‘जाऊ दे.’ सज्जनहो, तो शंभराव्या चित्रापाशी उठून गेला. त्याच्याजवळ बसावयास कोणी हवे होते.

आपल्या पुष्कळ घरांत ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात ते झाड असते. ते मूळचे अमेरिका खंडातील, निवडुंगाच्या कुळातले; हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळे. परंतु पान खोचून शेजाऱ्यापाजाऱ्यांस देता येते, म्हणून ते आपलेच झाले आहे. अंधार पडल्यावर फूल उघडू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण फुलते आणि पहाटेस मान टाकते. त्या रात्री शेजारी जमतात, निरांजन ओवाळतात, आणि आता मोबाईलवर छायाचित्रेही घेतात. वडीलधाऱ्यांस हे रुचत नाही. देवळातही हाच वाद ऐकू येतो : देव आणि भक्त यांच्यामध्ये हे यंत्र कशाला?

आमचे म्हणणे असे की, दोष यंत्राचा नव्हे. फूल पूर्ण उमलल्यावर येऊन एक चित्र घेतले आणि पाठ फिरविली, तर त्याने फूलही पाहिले नाही आणि देवही पाहिला नाही. परंतु जो तिवई लावून, श्वास आवरून, देठास हात न लावता त्या कळीपाशी रात्र काढतो, त्याचे ते जागरणच होय. तो फूल तोडीत नाही, हलवीत नाही, त्याच्यापाशी काही मागत नाही, केवळ पाहतो. दर्शन या शब्दाचा अर्थ यांहून फार निराळा नाही.

यास्तव आपणां सर्वांस एकच विनंती आहे. पहाटे परडी भरताना झाड ओरबाडून रिकामे करू नये. फुले चार कमी झाली तरी देव उणे मानीत नाही. एक कळी झाडावरच राहू द्यावी, आणि एखाद्या संध्याकाळी घरातील मुलांस घेऊन तिच्यापाशी बसावे. कॅमेरा असेल तर लावावा, नसेल तर डोळे पुरेत. काही घडत नाही असे मूल म्हणेल. तेव्हा त्यास उठू देऊ नये, आणि आपणही उठू नये.

श्रीकृष्णार्पणमस्तु.