फुटला की फोडला?

लहानपणी घरात कप फुटला की आई विचारायची, "कुणी फोडला?" आम्ही भावंडं एका सुरात म्हणायचो, "फुटला." मराठी क्रियापदाने दिलेली ही सोय पुढे ऑफिसातही कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रेट्रो होतो, म्हणजे झालेल्या कामाकडे वळून पाहायची मीटिंग. काय जमलं, काय चुकलं, काय सुधारायचं. पहिला नियम, कुणाचंही नाव घ्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी मी टेस्ट सर्व्हर समजून प्रॉडक्शनवर स्क्रिप्ट चालवली आणि हजारो ग्राहकांना एकच एसेमेस चार-चारदा गेला. सोमवारी मी लिहिलं, "स्क्रिप्ट चुकीच्या ठिकाणी रन झाली." जणू ती आपल्या पायांनी चालत गेली! सगळ्यांनी माना डोलावल्या. 'सुधारायचं'खाली "अधिक काळजी घेणे" असं लिहून आम्ही जेवायला गेलो.

लॉगिन सगळ्यांचं एकच होतं, आणि त्या दिवशी ऑन-कॉल होती काँट्रॅक्टवरची एक मुलगी. मार्चमध्ये तिला मुदतवाढ मिळाली नाही. कारण तेच होतं का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला होता. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही धड चालेना. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून काम भागलं. कंपनीने हे सगळं जाहीर लिहिलं: कोणती कमांड, कोणत्या मशीनवर, काय समजून. दोष पद्धतीवर ठेवला, पण त्या माणसाला गोष्टीतून पुसलं नाही. त्याने काय पाहिलं आणि त्याला काय वाटलं, हे कळल्याशिवाय पद्धतीतलं भोक सापडलंच नसतं. 'फोडला' म्हणता येत होतं, कारण म्हणण्याची शिक्षा नव्हती.

आमच्याकडे नेमकं उलटं आहे. नाव रेट्रोतून काढलंय, अप्रेझलमधून नाही. त्यामुळे कबुली गेली आणि भीती राहिली, आणि ती सगळ्यात जास्त अशा माणसाच्या वाट्याला आली ज्याचं काँट्रॅक्ट संपत आलंय.

पण सगळं कंपनीवर ढकलणं म्हणजे पुन्हा 'फुटला'च की. मी कायम नोकरीत होतो. फार तर एक रेटिंग खाली गेलं असतं. घराचा हप्ता वगैरे कारणं मी स्वतःला बरीच दिली, आणि ती खोटी नव्हती. तरी तिच्या जोखमीपुढे माझी जोखीम फारच स्वस्त होती.

गेल्या महिन्यात टीममधल्या नव्या मुलाने रेट्रोत लिहिलं, "कॉन्फिग बदललं गेलं." मी त्याला टपरीवर नेलं आणि माझी गोष्ट सांगितली, एसेमेसपासून मार्चपर्यंत. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तिला सांगितलंस का हे?"

"नाही."